दुर्रीची दश्शी : घरी करण्याजोगा पत्त्यांचा एक खेळ

वैशाखातील दुपारी वर्धा जिल्ह्यात घराबाहेर पडण्याची सोय नसते. पुलगावास लागून असलेल्या आमच्या नाचणगावात तर सकाळी दहानंतर अंगणातील फरशीवर पाऊल ठरत नाही. परीक्षा आटोपून आलेली निरनिराळ्या वयांची नातवंडे माजघरात कोंडलेली असतात, आणि त्यांस सायंकाळपर्यंत कशात गुंतवावे, हा प्रश्न वडीलधाऱ्या मंडळींपुढे रोज उभा राहतो. हल्ली बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर मोबाइल देऊन टाकतो. ज्या घरांत तसे होऊ द्यावयाचे नसते, त्या घरांत फडताळातून पत्त्यांचा कॅट निघतो. परंतु बदामसात, झब्बू आणि मेंढीकोट यांची चार दिवस आवर्तने झाली म्हणजे मुलांस त्यांचाही कंटाळा येतो. अशा वेळी त्याच कॅटातून एक निराळा उद्योग काढता येतो. त्यात कात्री आहे, खळ आहे, हाताचा सराव आहे, आणि विचार करण्याजोगे असेही काही आहे. तो उद्योग म्हणजे पाहता पाहता पान बदलण्याचा खेळ व त्यासाठी लागणारे पान घरीच तयार करणे.

पत्त्यांविषयी आपल्या घरांतून पुष्कळ वर्षे प्रतिकूल मत चालत आले आहे, आणि ते निराधार नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या दुर्दशेचे एक संपूर्ण सूक्त आहे, आणि सभापर्वातील द्यूताचा परिणाम तर सर्वश्रुत आहे. तथापि दोष फाशांचा अथवा पत्त्यांचा नसून पणाचा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण वगळला की पत्ते हे एक निरुपद्रवी साधन उरते. शिवाय ते केवळ विलायती आहेत असेही नाही. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ साली त्याने गंजिफा भेट पाठविल्याची नोंद आहे, आणि आपल्या कोकणात सावंतवाडीस दशावतारी गंजिफा आजही हाताने रंगविली जाते. तिची पाने वाटोळी असतात. दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येक रंगाची बारा पाने, मिळून एकशेवीस. ही कला लुप्त होण्याच्या बेतात असता सावंतवाडीच्या राजघराण्याने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिला पुन्हा आश्रय दिला. ती पाने करावयाची जुनी रीत पाहिली तर कापडाचे अथवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवावयाचे, घोटून गुळगुळीत करावयाचे आणि मग त्यांवर चित्र काढावयाचे, अशी आहे. सारांश, थरावर थर चिकटवून पान करणे ही विद्या आपणांस परकी नाही. आम्ही पुढे जी कृती देणार आहोत ती याच विद्येचा लहानसा उपयोग आहे.

हातचलाखीचे म्हणाल, तर तिला आपल्या शास्त्रकारांनी कधी तुच्छ लेखिले नाही. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत ऐंद्रजाल आणि हस्तलाघव ही दोन्ही नावे स्वतंत्रपणे येतात. म्हणजे डोळ्यांस भुलविणे ही एक कला आणि हात हलका असणे ही दुसरी, असा भेद त्याने केला आहे. श्रीहर्षाच्या रत्नावली नाटिकेत चौथ्या अंकात एक ऐंद्रजालिक उदयन राजाच्या सभेत येतो, आणि त्याने उत्पन्न केलेल्या खोट्या आगीमुळेच कैदेत पडलेल्या नायिकेची सुटका होते. आद्य शंकराचार्यांनी तर ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात मायावी पुरुषाचा दृष्टांत घेतला आहे. ढाल-तलवार घेऊन सूत्रावरून आकाशात चढताना जो दिसतो तो निराळा, आणि भूमीवर उभा असलेला खरा मायावी निराळा. आणखी एके ठिकाणी ते म्हणतात की, स्वतः पसरलेल्या मायेचा स्पर्श मायावी पुरुषास होत नाही. हा दृष्टांत वेदान्ताच्या प्रयोजनासाठी दिलेला आहे, हे खरे. पण खेळ करणाऱ्या मुलासही त्यात मोठा बोध आहे. त्याकडे आपण पुढे येऊच. प्रथम खेळ सांगतो.

प्रेक्षकांस काय दिसते? खेळ करणारा इस्पिकची दुर्री उभी धरून दाखवितो. दुसरा हात तिच्यासमोरून एकदाच खालून वर नेतो. हात दूर होतो तो त्याच ठिकाणी बदामाची दश्शी उभी असते. दोन काळ्या ठिपक्यांच्या जागी दहा तांबडे ठिपके. यात पान उचलणे नाही, टाकणे नाही, बाहीत लपविणे नाही. लहान मूल असो वा वृद्ध माणूस असो, कोणासही समजावून सांगावे लागत नाही. जे घडते ते डोळ्यांदेखत घडते, हेच या खेळाचे वैशिष्ट्य.

आता सामग्री. एकाच छापाचे पत्ते घ्यावेत. एक कॅट चांगला असावा, आणि पान हरवल्यामुळे निकामी झालेले दोन जुने कॅट मिळाले तर उत्तमच. पत्ते कागदीच पाहिजेत. हल्ली प्लास्टिकचे पत्ते सर्रास मिळतात, ते या कामाचे नाहीत, कारण त्यांचे थर सुटत नाहीत. जुन्या कॅटांतून एक इस्पिकची दुर्री आणि दोन बदामाच्या दश्श्या काढाव्यात. चांगल्या कॅटातील दुर्री व दश्शी यांस हात लावू नये. त्यांचे काम शेवटी आहे. याखेरीज धारदार कात्री, मैद्याची पातळ खळ अथवा साधा डिंक, जुने वर्तमानपत्र आणि एक जाड ग्रंथ एवढे साहित्य पुरे.

दुर्री आणि दश्शीच का, असे कोणी विचारील. पान आडवे मधोमध दुमडून पाहिले म्हणजे याचे उत्तर मिळते. तिर्री, पंजी व नव्वी यांच्या अगदी मध्यभागी एक ठिपका असतो. छक्की, सत्ती व अठ्ठी यांच्या ठिपक्यांची एक ओळ मध्यरेषेवर येते. दुर्री, चव्वी आणि दश्शी यांची मध्यरेषा मात्र कोरी असते. आपले पान मध्यरेषेवरच दुमडणार असल्यामुळे तेथे ठिपका आला तर तो तुटलेला दिसेल आणि खेळ उघडा पडेल. मुलांस हे आपण सांगण्यापूर्वी त्यांनीच कॅट पसरून शोधून काढावे. अर्धा तास तेवढ्यात आनंदाने जातो, आणि शोधून काढलेली गोष्ट विसरत नाही.

कृती येणेप्रमाणे. दुर्री आणि एक दश्शी कोमट पाण्यात भिजत ठेवावी. कागद मऊ झाला म्हणजे कोपऱ्यापासून नखाने थर सोडवून पाठीचा कागद सावकाश सोलून काढावा. घाई केली तर कागद फाटतो. राहिलेला चित्राचा पातळ कागद वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर ग्रंथाचे वजन द्यावे आणि रात्रभर वाळू द्यावा. दुसऱ्या दिवशी दुर्रीचा कागद चित्र आत येईल असा बरोबर मध्यावर दुमडावा आणि घडीवर नख फिरवून ती पुनःपुन्हा उघडझाप करून सैल करावी. दश्शीचा कागद मध्यावर कापून त्याचे दोन तुकडे करावेत. यांपैकी एकच तुकडा लागतो. त्याची कापलेली कड केसभर आणखी छाटावी आणि तो दुर्रीच्या खालच्या अर्ध्या भागाच्या पाठीवर असा चिकटवावा की कापलेली कड घडीच्या बाजूस येईल, परंतु घडीवर चढणार नाही.

आता न भिजविलेली दुसरी दश्शी चित्र वर करून पुढे ठेवावी. दुर्रीच्या वरच्या अर्ध्या भागाच्या पाठीला खळ लावून तो भाग या दश्शीच्या वरच्या अर्ध्या भागावर कडेला कड जुळवून बसवावा. खालचा अर्धा भाग मोकळाच राहिला पाहिजे. ही आपली पाकळी. पाकळी खाली असता संपूर्ण दुर्री दिसते. ती वर उलटली की तिच्या पाठीवरील अर्धी दश्शी आणि खालची उघडी पडलेली अर्धी दश्शी मिळून संपूर्ण दश्शी होते. पाकळी चिकटून बसू नये म्हणून तिच्याखाली कागदाची पट्टी ठेवून सर्व पान पुन्हा रात्रभर वजनाखाली ठेवावे. वाळल्यावर पाकळीच्या तिन्ही मोकळ्या कडा किंचित छाटाव्यात, म्हणजे बोटांत अडकणार नाही. दोन दिवसांचे काम आहे. एका बैठकीत उरकू पाहणाऱ्याचे पान सुरकुततेच.

पान हाती आले म्हणजे निम्मे काम झाले. कॅटात वरून दुसरे पान आपले करणीचे पान ठेवावे आणि त्याच्यावर खरी दुर्री ठेवावी. खेळाच्या आरंभी खरी दुर्री सर्वांच्या हाती द्यावी. ती परत आली की कॅटाच्या मध्यभागी न घालता करणीच्या पानाखाली सरकवावी, आणि जणू तेच पान उचलीत आहोत अशा सहजपणे वरचे करणीचे पान उचलावे. डाव्या हाताने पान खालच्या बाजूस धरावे : अंगठा एका उभ्या कडेस, मधले बोट दुसऱ्या कडेस, आणि तर्जनी खालच्या कडेवरून पुढे वळवून पाकळी दाबून धरलेली. उजवा हात पानासमोरून वर जाऊ लागला की तर्जनी सुटावी, उजव्या हाताच्या बोटांनी पाकळी वर न्यावी आणि तेथेच पानाची वरची कड धरावी. मग डावा हात सोडून द्यावा. दोन क्षण दश्शी दाखवावी, पान कॅटात घालावे, थोडे बोलावे, आणि मग कॅटातून खरी दश्शी काढून पाहणाऱ्यांच्या हाती द्यावी. म्हणजे आरंभी खरे पान, शेवटी खरे पान, आणि मध्ये मात्र आपले करणीचे पान.

प्रेक्षक समोर बसवावेत, बाजूस नव्हे. अंतर चार-पाच हात असावे आणि खिडकी पाठीमागे नसावी. आरशासमोर रोज अर्धा तास याप्रमाणे पंधरा दिवस सराव केल्याखेरीज कोणापुढेही खेळ करू नये. सराव कशाचा करावा, हेही मुलांस सांगावे. बोट चपळ करण्यापेक्षा बोटाकडे स्वतः न पाहण्याचा सराव अधिक आवश्यक आहे. खेळ करणारा जिकडे पाहतो तिकडे पाहणारे पाहतात. त्याने हाताकडे पाहिले की सर्वांची दृष्टी हातावर येते.

असे का व्हावे? डोळा सर्व काही टिपतो आणि मन ते सर्व पाहते, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. मन ज्यावर असते तेवढेच आपण पाहतो. १९९९ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे सायमन्स आणि शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेंडू एकमेकांकडे टाकणाऱ्या मंडळींचे चित्रण लोकांस दाखविले आणि चेंडू किती वेळा टाकला ते मोजावयास सांगितले. मध्येच गोरिलाचा वेष घातलेले एक माणूस त्या मंडळींतून चालत गेले, छाती बडवून निघून गेले; पाहणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या ते लक्षातही आले नाही. हे लोक बुद्धीने कमी होते असे नव्हे. त्यांचे मन मोजण्यात होते, इतकेच.

बुद्धी, अनुभव, फार काय, स्वतःची कलाही येथे पुरी पडत नाही, याचे प्रसिद्ध उदाहरण जादूगारांच्याच इतिहासात आहे. हॅरी हुडिनी हा जगप्रसिद्ध जादूगार. कोणताही खेळ तीनदा पाहिला की आपण तो ओळखतो, असे तो म्हणत असे. १९२२ साली शिकागो येथे डाय व्हर्नन नावाच्या तरुणाने त्यास एक पान निवडून त्यावर आपली आद्याक्षरे लिहावयास सांगितले. ते पान वरून दुसरे घातले असता पुन्हा सर्वांत वर येई. व्हर्ननने तोच खेळ एकामागून एक अनेकदा केला. हुडिनीस तो उलगडला नाही. मुलांस आम्ही ही गोष्ट आवर्जून सांगतो. पुढे आयुष्यात कोणी डोळ्यांदेखत चमत्कार दाखविला तर ‘मी स्वतः पाहिले’ हा पुरावा किती पोकळ असू शकतो, हे त्यांस समजले पाहिजे.

परंतु ही गोष्ट सांगणे सोपे आणि प्रसंगी आचरणे अवघड आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या बारा वर्षांच्या नातवाने हा खेळ चांगला बसविला होता. ओसरीवर तो खेळ करीत असता शेजारच्या आळीतील एक वृद्ध बाई येऊन बसली. दुर्रीची दश्शी झालेली पाहताच तिने हात जोडले. तिच्या गळ्यातील पोतीचा सोन्याचा मणी चार दिवसांपूर्वी हरवला होता. ती नातवास म्हणाली, “माहा मनी हरपला, कोठी हाय थे सांगतं का बाप्पा?” पोर क्षणभर गप्प राहिले. भोवती भावंडे होती, त्यांच्या डोळ्यांत कौतुक होते. आणि समोर एक वडीलधारे माणूस त्यास खरोखरीच सिद्ध समजत होते. बारा वर्षांच्या वयात एवढा मान सहसा वाट्यास येत नाही. ‘पूर्वेकडे शोधा’ एवढे म्हटले असते तरी निभावले असते. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. मग त्याने कॅटातून ते पान काढून तिच्या हाती दिले आणि म्हणाला, “आजी, मला काही कळत नाही हो. हे पान मीच चिकटवले आहे. ही पाकळी उघडून पाहा.” बाईने पाकळी दोन-चारदा उघडझाप केली आणि मनमोकळी हसली. “मोठा हुशार हाय जी नातू तुमचा,” असे आम्हांस म्हणाली. सायंकाळी ऊन उतरल्यावर सर्व मुले तिच्या अंगणात मणी शोधावयास गेली. दिवेलागणीपर्यंत केर चाळून पाहिला. मणी मिळाला नाही.

रात्री जेवणाच्या पंगतीत यावर वाद झाला. मोठ्या नातीचे म्हणणे असे की, याने गुपित फोडले. पंधरा दिवसांची मेहनत एका क्षणात वाया घालविली, आणि जादूगाराचा पहिला नियमच मोडला. तिच्या आजीचे म्हणणे असे की, बाईचे समाधान झाले असते तर बिघडले काय असते? नातीचे म्हणणे टाकाऊ नव्हते. गुपित राखणे हा या कलेचा प्राणच आहे. व्हिएन्नामधील योहान होफ्झिन्सर (१८०६–१८७५) हा सरकारी नोकरी सांभाळून घरच्या बैठकीत पत्त्यांचे खेळ करी आणि त्यांसाठी खास पाने स्वतः तयार करी. आपली टिपणे मृत्यूनंतर नष्ट करावीत अशी त्याची इच्छा होती. पुढे ओटोकार फिशर याने त्याच्या शिष्यांकडून माहिती मिळवून १९१० साली ग्रंथ छापला, म्हणून ती कला आज शिल्लक आहे. इतक्या कसोशीने जे जपले जाते ते सहज उधळून टाकू नये, हे आम्हांस मान्य आहे.

परंतु याच कलेच्या इतिहासात दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. इंग्लंडात केंट परगण्यातील रेजिनाल्ड स्कॉट याने १५८४ साली चेटकाविषयी एक ग्रंथ लिहिला. त्या काळी चेटकीण ठरवून गरीब, वृद्ध बायकांस फाशी देत असत. हे सर्व चेटूक नव्हे, हे पटविण्यासाठी स्कॉटने बाजारात खेळ करणाऱ्यांची नाणी, दोऱ्या आणि पत्ते यांची हातचलाखी उकलून त्या ग्रंथात छापली. इंग्रजी भाषेतील जादूच्या खेळांची सर्वांत जुनी सविस्तर कृती जी सापडते, ती अशी दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी लिहिलेली आहे. आपल्या राज्यातही जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. तथाकथित चमत्काराच्या जोरावर लोकांस फसविणे व पैसा काढणे हा त्यात गुन्हा ठरविला आहे. पाकळीचे पान करणारा मुलगा आणि भस्म काढणारा बुवा यांच्या हातांत फारसा अंतराय नसतो. अंतर पुढच्या एका वाक्यात असते. ‘हा खेळ आहे’ असे एक म्हणतो, दुसरा म्हणत नाही.

म्हणून आम्ही पंगतीत निर्णय दिला तो असा. ज्यास हा खेळ आहे हे ठाऊक आहे, त्याच्यापासून गुपित राखावे. त्याने कितीही आग्रह केला तरी सांगू नये, कारण न कळण्याचा आनंद हाच त्याचा लाभ आहे. परंतु जो खेळास खेळ न समजता त्यावर आपले सुखदुःख टांगू लागतो, त्याच्यापुढे पान उघडे करावे. तेथे गुपित राखणे म्हणजे लबाडी होय. खोटे समाधान देण्याविषयी आजींचे आणि आमचे अद्याप एकमत झालेले नाही. मात्र आचार्यांच्या दृष्टांतातील मायावी आपल्या मायेने लिप्त होत नाही तो याच कारणाने, की दोरीवर चढलेला आपण नव्हे हे तो विसरत नाही. मुलाच्या हाती करणीचे पान देताना एवढी एक गोष्ट त्याच्या मनात राहिली म्हणजे पुरे.

ज्यांस या कलेची गोडी लागेल त्यांनी रघुवीर भोपळे यांचे चरित्र अवश्य पाहावे. पुणे जिल्ह्यात चाकणजवळच्या आंबेठाण या खेड्यात १९२४ साली जन्मलेला हा मुलगा ‘जादूगार रघुवीर’ या नावाने देशोदेशी खेळ करून आला. १९८४ साली त्यांचे निधन झाले. ‘प्रवासी जादूगार’ हे त्यांचे पुस्तक मराठी घरांतील मुलांच्या हाती द्यावे असे आहे.

शेवटी घरातील नियम सांगतो. एका बैठकीत हा खेळ एकदाच करावा. ‘पुन्हा कर’ असे कोणी म्हटल्यास दुसरा खेळ करावा. काय होणार ते आधी बोलून दाखवू नये. पैज कधीही लावू नये, एका पैशाचीही नाही. आणि पाकळीची घडी झिजून पांढरी दिसू लागली म्हणजे हळहळत न बसता नवे पान करावयास घ्यावे. आमच्या नातवाचे सध्या तिसरे पान चालू आहे.